काकांच्या गाडीचं ॲव्हरेज

कोथरूड, पुणे
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

गणपतीच्या आधी तू फोनवर विचारलं होतंस, "बाबांची गाडी फार पेट्रोल प्यायला लागलीय, हे नवं पेट्रोल तिला मानवत नाही म्हणतात, विकून टाकावी का?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. गाडी एकदा नीट तपासून घ्यावी, नंतरच्या काही टाक्यांचे आकडे हातात यावेत आणि मगच तुला लिहावं, असं ठरवलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली आणि आकडेही आले. तर निकाल आधी सांगतो: गाडी विकू नका. आता कारणं. ती फोनवर सांगण्यासारखी नाहीत, कारण तुझ्यामागे स्टुटगार्टची ट्राम आणि माझ्यामागे कर्वे रस्ता, त्यात दोन वाक्यांच्या वर बोलणं होत नाही आपलं.

तुमच्या घरी काकांकडे गेलो त्या दिवशी काकूंनी पोहे केले होते. बशी रिकामी व्हायच्या आत काकांनी डायरी पुढे ठेवली. तुला ती माहीत आहेच. बँकेची जुनी डायरी, चार रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, भाव. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक टाकी त्यात निळ्या शाईत लिहिलेली आहे. अरे, अशी नोंद ठेवणारी माणसं आता किती राहिली? आपल्याकडे कुणालाही ॲव्हरेज विचार, गाडीच्या पडद्यावर त्या क्षणी दिसेल तो आकडा सांगतात, नाही तर शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा दोनने जास्त सांगतात. काका टाकी फुल ते टाकी फुल मोजतात. पंप एकच. नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबला की तिथेच थांबायचं, रुपयांचा गोल आकडा करण्यासाठी वरून थेंबभरही घालू द्यायचं नाही. शिवाय एका टाकीवरून ते मत बनवत नाहीत, तीन-चार टाक्यांची सरासरी काढतात. मोजायची हीच खरी रीत. या डायरीशिवाय मला काहीच उलगडलं नसतं.

तर डायरीत दिसलं ते असं. बरीच वर्षं लिटरमागे चौदा-साडेचौदा किलोमीटर पडत होते. मग गेल्या वर्ष-दीड वर्षात आकडा घसरत घसरत साडेनवावर आला. म्हणजे एक तृतीयांश गेलं की! काकांचं म्हणणं ठाम होतं, "हे ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून झालंय."

तेव्हा आधी पेट्रोलचाच हिशोब मांडू. ही गोष्ट आपल्या गावाला परकी नाही. ५ जून २०२१ ला, पर्यावरण दिनी, पंतप्रधानांनी इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्याच कार्यक्रमात पुण्यात तीन ठिकाणी निव्वळ इथेनॉल देणाऱ्या ई-१०० पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी प्राज इंडस्ट्रीजही पुण्यातलीच. आणि ऊस तर पुणे जिल्ह्याच्या बांधाबांधाला आहे.

आता आकडे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. ऐंशी-वीस मिसळलं की लिटरमागची ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी भरते. पण पंपावर निव्वळ पेट्रोल आधीही मिळत नव्हतं, त्यात थोडंफार इथेनॉल असायचंच. ई-१० शी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलशी, तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांचा येतो. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात जुन्या चारचाकीला, म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या गाडीला, ६ ते ७ टक्के फटका बसेल असा अंदाज आहे. तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के. काकांच्या गाडीला वाईटात वाईट ७ टक्के धरले, तरी साडेचौदातला एक किलोमीटर या पेट्रोलच्या नावावर टाकता येतो. हरवलेत पाच. उरलेले चार कुठे गेले?

तो एक किलोमीटर मी क्षुल्लक मानत नाही, हेही सांगून ठेवतो. लिटरचा भाव शंभरीच्या पुढे, लिटरमधली ऊर्जा कमी, आणि पंपावर दुसरं काही निवडायची सोय जवळजवळ नाही, अशी तक्रार कुणी केली तर ती रास्तच आहे. जुन्या गाडीत रबराच्या नळ्या आणि सील यांनाही इथेनॉल सोसेलच असं नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ते साहित्य बदललेलं आहे, काकांची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून मी तिच्या इंधनाच्या नळ्या मुद्दाम तपासून घेतल्या, एक चिरा पडलेली होती ती बदलली. पण राग योग्य ठिकाणी आणि योग्य मापात काढावा. सगळं पेट्रोलच्या माथी मारलं की माणूस गाडी तपासायचंच सोडून देतो. गेलं वर्षभर काकांचं तेच झालं, आणि माझ्या आसपास मी कित्येकांचं होताना बघतोय.

मग गाडी कर्वेनगरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे मामा म्हणतात. मामांनी बॉनेटला हातच लावला नाही. गाडी सपाट फरशीवर न्यूट्रलला उभी केली, हँडब्रेक सोडला आणि मला म्हणाले, "ढकला." ढकलली. हलली, पण छाती दुखेपर्यंत जोर लावावा लागला. मग त्यांनी मागची बाजू जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरवून सोडलं, ते तीन-चार फेरे आपलं आपण फिरत राहिलं. उजवं फिरवलं. अर्धा फेरा गेलं न गेलं तोच थांबलं, आणि आतून लायनर घासल्याचा आवाज आला. मामांनी चाकावर थाप मारली. "हे बघा, इथं जातंय तुमचं पेट्रोल."

ड्रम उघडल्यावर सगळंच समजलं. मागच्या पावसाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती, हँडब्रेक करकचून ओढलेली. तुमच्या त्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी साचतं. केबल आतल्या आत गंजली आणि अडकली. नंतर लिव्हर खाली जायचा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझायचा, पण त्या चाकातलं लायनर ड्रमला टेकलेलंच राहायचं. म्हणजे तेव्हापासून काका एका चाकाला ब्रेक लावून पुणे हिंडत होते! ड्रमचा आतला पृष्ठभाग निळसर पडला होता, इतका तापायचा तो. मामांनी केबल बदलली, मागची दोन्ही लायनर बदलली, पुढच्या डिस्कचे कॅलिपर साफ करून ग्रीस लावलं. सगळा खर्च दोन टाक्या पेट्रोलपेक्षा कमी झाला.

मग टायर पाहिले. हवा ३२ पीएसआय हवी, निघाली बावीस-चोवीस. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा हिशोब आहे की, दाब एक पीएसआय उतरला की इंधनक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने उतरते. दहा उतरले म्हणजे दोन टक्के. थोडे वाटतात, पण पंपावर हवा फुकट मिळते आणि कमी हवेवर चालून टायर कडांनी झिजतो तो खर्च निराळाच.

पुढचा शोध मला सगळ्यात आवडला. काका अभिमानाने सांगायचे, "आपल्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कधी अर्ध्यावर जात नाही, इंजिन कसं थंड राहतं." मामांनी ते ऐकलं आणि लगेच थर्मोस्टॅट काढला. उघडा अडकलेला. तो गार इंजिनात बंद राहायचा असतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे इंजिन पटकन तापतं. हा कायमचा उघडा, त्यामुळे इंजिन तापायलाच तयार नाही, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं सकाळची पहिली स्टार्ट आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवून देत राहतो. जुन्या गाडीचा चोक ओढून दिवसभर फिरल्यासारखं. त्यात काकांच्या फेऱ्या कुठे, तर मयूर कॉलनी, दशभुजा गणपती आणि फार तर डेक्कन. इंजिन गरम होण्याच्या बेतात येईपर्यंत घर येतं. थोड्या अंतराच्या, थंड इंजिनाच्या फेऱ्या हा वयस्कर माणसांच्या गाड्यांचा ठरलेला आजार आहे.

इंजिन ऑईलही चुकीचं निघालं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय, आधीच्या एका सर्व्हिसिंगला कुणीतरी २०डब्ल्यू-५० ओतलं होतं. आपल्या उन्हाळ्याला जाड ऑईल बरं, असा समज अजून कित्येक गॅरेजांत आहे. जाड ऑईल फिरवायलाही ताकद लागतेच की. शिफारस सोडून दुसरं ऑईल घातलं तर एक-दोन टक्के जातात, असं अमेरिकेचीच सरकारी आकडेवारी सांगते.

काकांना मात्र एअर फिल्टरचा संशय होता. चेतकच्या दिवसांतला तो अनुभव. कार्बोरेटरच्या इंजिनात फिल्टर चोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त व्हायचं, प्लग काळा पडायचा, धूर यायचा. इंजेक्शनच्या गाडीत आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून नव्या गाड्या चालवून पाहिल्या, तेव्हा ॲव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. गाडीची ओढ कमी झाली, एवढंच. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा तो इंजिनात धूळ जाऊ नये यासाठी, विशेषतः पुण्यात, जिथे कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच. त्यातून दोन किलोमीटर वाढतील अशी आशा धरू नये. त्याउलट ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर त्याच अमेरिकी आकडेवारीनुसार ४० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तो स्कॅनर लावून पाहिला, ठीक होता. 'इंजेक्टर क्लीनिंग', 'इंजिन फ्लश', टाकीत घालायच्या बाटल्या यांना मामांनी स्वतःच नको म्हटलं. असा मेकॅनिक मिळणं हे नशीब समज.

एवढं झाल्यावर आता डायरीत बाराच्या पुढचे आकडे येतायत, मधूनच साडेबारा. साडेचौदा का येत नाहीत? एक किलोमीटर पेट्रोलचा, तो मघाशी झाला. उरलेल्यासाठी मी डायरीची जुनी पानं चाळली. पूर्वी दर महिन्याला तुम्ही वाईला जायचात, आठवतं? खंबाटकी घाट सोडला तर सगळा सलग रस्ता. त्या फेऱ्या सरासरी वर खेचत होत्या. आता वाईचं घर बंद आहे आणि गाडी फक्त शहरात फिरते. आणि आपलं शहर आता कसं चालतं, ते तू चार वर्षांत पाहिलेलं नाहीस.

टॉमटॉम ही डच कंपनी दर वर्षी जगातल्या शहरांची वाहतूक मोजते. २०२४ च्या त्यांच्या यादीत पुणे जगात चौथं सगळ्यात संथ शहर होतं, १० किलोमीटरला ३३ मिनिटं आणि वर काही सेकंद. म्हणजे सरासरी वेग ताशी १८. आणि कंपन्या जाहिरातीत ॲव्हरेज छापतात ते कशावर मोजलेलं असतं, ते बऱ्याचदा आपल्याच टेकडीवर ठरतं. वेताळ टेकडीवरच्या 'एआरएआय'पाशी आपण कॉलेजात असताना पहाटे फिरायला जायचो ना? १९६६ पासून ती संस्था आहे. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतात आणि धूर पिशव्यांत गोळा करतात. त्यातला कार्बन मोजून जळालेलं पेट्रोल काढतात. त्या वेळापत्रकात सरासरी वेग ताशी तिसाच्या थोडा पुढे आणि कमाल ९०. मोजणी चोख असते, त्यात लबाडी नाही. पण त्या रोलरवर गतिरोधक नाही, खड्डा नाही, नळ स्टॉपचा सिग्नल नाही आणि मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या काकू नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. आपल्याला तेवढंच मिळेल असं तो सांगत नाही.

थांबा-निघा याची किंमत किती, हे मी एकदा बसून काढलं. तुला थर्मोच्या तासाची आठवण येईल. माणसं धरून गाडी ११०० किलोची, वेग ताशी ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतीची ऊर्जा ५५ किलोज्यूल. शहरात इंजिन पेट्रोलमधली फार तर पाचवा हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे लिटरमागे जेमतेम ६.४ मेगाज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं साधारण साडेआठ मिलिलिटर. उभ्या गाडीला ३६ वर न्यायचं आणि पुढच्या गतिरोधकावर ब्रेक मारून ती सगळी ऊर्जा उष्णता करून टाकायची, याला जवळजवळ दोन चहाचे चमचे पेट्रोल. ५४ चा वेग घेऊन ब्रेक मारला तर दीडपट वेगाला सव्वादोनपट ऊर्जा, चार चमचे. आता पौड रस्त्यावर संध्याकाळी दोन सिग्नलांच्या मधल्या मोकळ्या जागेत जोरात गाडी काढणारे बघ. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी पिळतात. पोचतात सगळे एकाच वेळी. थांबा-निघाच्या वाहतुकीत अशा आक्रमक चालवण्याने १० ते ४० टक्के इंधन वाया जातं, असं अमेरिकेचा तोच ऊर्जा विभाग सांगतो. म्हणजे मामांच्या हातात जेवढं होतं, त्याच्या तोडीचं चालवणाऱ्याच्या पायात आहे.

उभ्या गाडीचंही तसंच. छोटी गाडी नुसती सुरू ठेवली तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास खाते, एसी लावला तर आणखी. मिनिटभराच्या सिग्नलला बारा मिलिलिटर. विद्यापीठ चौकातले जुने पूल २०२० मध्ये पाडले आणि त्यानंतर मेट्रोचं नि नव्या दुमजली पुलाचं काम चाललं, त्या वर्षांत गणेशखिंड रस्त्याने रोज औंधला जाणाऱ्याने असे किती लिटर हवेत सोडले असतील! चांदणी चौकाचंही तसंच. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री जुना पूल स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल खुले झाले आणि तिथला ताण खरोखर कमी झाला, हे कबूल केलं पाहिजे. मला वाटतं, महापालिकेने एखादा रस्ता खोदायची परवानगी देताना तिथे रोज थांबणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचा हिशोबही खर्चात धरायला हवा. तो खर्च होतोच, फक्त पालिकेच्या अंदाजपत्रकाऐवजी लोकांच्या खिशातून होतो.

खड्ड्यांचा तिढा वेगळा आहे. पावसाळ्यात दोन-चार दणके बसले की पुढच्या चाकांचं अलाइनमेंट जातं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. चाकं थोडी तिरकी राहून रस्त्याला घासत चालतात, टायरही जातो आणि पेट्रोलही. म्हणून पावसाळा संपला की नवरात्राच्या सुमारास अलाइनमेंट करून घ्यावं, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

दुचाकीवाल्यांना तर हे सगळं आणखी लागू, आणि पुणं अजूनही दुचाकीवरच चालतं. माझ्या भाच्याने नवी बाइक घेतली. ॲव्हरेज पडलं म्हणून तो नाना पेठेत जाऊन कसले कसले सुटे भाग आणायच्या बेतात होता. मी म्हटलं, मेन स्टँडवर लाव आणि मागचं चाक हाताने फिरव. चेन वाळून कोरडी झाली होती आणि इतकी ताणून बसवलेली की फिरताना एका जागी अडकत होती. साफ केली, तेल दिलं, ढील पुस्तकात दिली आहे तेवढी ठेवली. स्कूटर असेल तर आतला बेल्ट आणि रोलर झिजलेत का, ते बघायला हवं, कारण ते झिजले की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. पण पहिली परीक्षा तीच, चाक मोकळं फिरतंय का.

तू तिकडे शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतोस. मला ती पद्धत आता पटायला लागलीय. आपल्या किलोमीटर-प्रति-लिटरने डोळे फसतात. स्कूटरचं ॲव्हरेज ४० वरून ५० झालं की आपण पेढे वाटू, आणि गाडीचं १० वरून १२ झालं तर 'दोनच वाढले' म्हणू. शंभर किलोमीटरचा हिशोब कर. स्कूटरचे अडीच लिटर होते, दोन झाले, वाचला अर्धा लिटर. गाडीचे दहा होते, आठ पूर्णांक एक तृतीयांश झाले, वाचला दीड लिटरहून जास्त. ज्या गाडीचं ॲव्हरेज आधीच वाईट आहे, तिच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे वाचतात. काकांना हे वहीवर मांडून दाखवलं, तेव्हा त्यांनी डायरीत पाचवा रकाना आखला.

तुझ्याकडे शत्रू वेगळा आहे, हवा. ऑटोबानवर तिचाच विरोध मुख्य, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की दीडपटीहून जास्त. आपल्याकडे एवढा सलग वेग द्रुतगती मार्गावरच मिळतो. तिथे गाड्यांना सपाटीला १०० ची मर्यादा आहे, आणि ९० वर राहिलं तर मुंबईला पाच-सात मिनिटं उशीर होतो, बाकी काही बिघडत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि हे सगळं पत्र मी खरं तर हिच्यासाठी लिहायला बसलो.

काका उतारावर इंजिन बंद करतात. चांदणी चौकातून पौड रस्त्याने कोथरूड डेपोकडे उतरताना चावी मागे फिरवतात आणि गाडी सोडून देतात. मी शेजारी बसलो होतो तेव्हा पाहिलं. लुना आणि चेतकच्या दिवसांत अख्ख्या पुण्याने हेच केलं. त्या टू-स्ट्रोक इंजिनात जळायच्या आधीच पेट्रोलचा बराच भाग सायलेन्सरमधून निघून जायचा, तेव्हा उतारावर बंद करण्यात थोडा तरी अर्थ होता. इंजेक्शनच्या गाडीत तोही उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात, एक थेंब जळत नाही, शिवाय इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलला टाकली की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॅडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं. काकांचं वय शहात्तर आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुला आठवतो ना? २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री साताऱ्याकडून आलेल्या एका अवजड वाहनाने तिथे कित्येक गाड्या चिरडत नेल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात दिसल्याचं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. त्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलला सोडतात, ही गोष्ट तिथे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ब्रेक तापतात, धरत नाहीत, आणि खाली सिंहगड रस्ता, वडगाव, नऱ्हे या भागातली माणसं उभी असतात. एवढ्याशा डिझेलसाठी! आणि ट्रकचं इंजिनही गिअरमध्ये उतरताना ते डिझेल पीत नसतंच.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चाळीस वर्षं चालवतोय रे मी." पुढच्या वेळी पुन्हा चावी फिरवली. ते माझ्याशी वाद घालत नाहीत, फक्त करायचं ते करतात, तुला माहीत आहे. तुझं मात्र ते ऐकतात. तेव्हा या रविवारी त्यांना फोन कर आणि एवढं एकच सांग: उतारावर गाडी सुरू ठेवा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि चावीला हात लावू नका.

तुझा मित्र